‘चावला’चा अर्थ

तैवानला माझं दुसरं वर्ष चालू होतं आणि मी पार थकले होते. जुन्या चिनी ग्रंथांचा तास म्हणजे एका ओळीवर अख्खी सकाळ. वाक्य कुठं संपतं, कोण कुणाला बोलतंय, मुळात काहीच लिहिलेलं नसतं. खोलीवर येऊन कोशात अक्षरं शोधायची आणि दुसऱ्या दिवशी तीच विसरून पुन्हा शोधायची. घरी फोन केला की आई जेवणाचं विचारून फोन वडिलांकडे, आबांकडे द्यायची. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता कडेगावला ऊस बघतात. माझ्या अभ्यासाबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

एका रविवारी मात्र म्हणाले, "पोरी, चिनीत 'चावला' म्हंजी काय गं?"

"चावला? कुत्रा चावला, तसं?"

"व्हय, तसंच. बर्फात आमची चौकी हुती, समोर चिन्यांची. त्यातला एकजण रोज सकाळी भाईर आला की आमाकडं बघून वरडायचा, 'चावला!' आमी हसून बेजार. कोण चावला रं गड्या, म्हणायचो."

दुसऱ्या दिवशी मी प्राध्यापकबाईंना विचारलं. त्यांनी दोन-तीनदा शब्द तोंडात घोळवला. 'चाव' असेल तर 'सकाळ झाली बरं का', 'चोव' असेल तर 'चला, निघा इथून'. नक्की काय होतं, ते वडिलांनाच विचार, म्हणाल्या.

जानेवारीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा ऊसतोड चालू होती. दुपारी ओट्यावर आबांना दोन्ही अर्थ सांगितले. मग मीच विचारायला लागले.

"चेहरा कसा असायचा त्याचा? हसरा?"

"तोंडाला फडकं असायचं. डोळंच दिसायचं."

"आणि आवाज? रागाचा होता का?"

"वारा लय असायचा गं."

त्यांनी डोळे मिटून चार-पाचदा म्हणून बघितलं. दर वेळी वेगळंच आलं. शेवटी कंटाळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लय वर्सं झाली."

मलाही बरंच वाटलं. सुट्टीतसुद्धा एका शब्दामागं धावायचं त्राण नव्हतं.

थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "मग त्याची बदली झाली जणू. दुसरा आला, त्यो काय बोलायचाच न्हाई. आमाला करमंना. मग आमीच वरडलो, चावला!"

"मग?"

"आत पळाला, आन् आनकी दोघांस्नी घिऊन आला. तिघं बी आमाकडं बघत हुबी ऱ्हायली."

त्या तिघांना काय ऐकू गेलं असेल, हे आबांनी विचारलं नाही. रस्त्यावर पाटाच्या पाण्यानं झालेल्या चिखलात उसाची ट्रॉली रुतली होती, लोक हाका मारत होते. ते चपला घालून तिकडं गेले. मी तिथंच भिंतीला टेकून झोपले.