नेत्रावतीनं धरलेली पहिली मूठ

सीमाभागातल्या दुबलगुंडी गावात नेत्रावतीचा राग सगळ्यांना ठाऊक. नवऱ्याच्या तेराव्यालाच ती भांडली होती, कारण थोरला दीर किशनराव म्हणाला, "तुझं दोन एकर मी करतो, तू बस घरी." ती बसली नाही.

पण खताच्या बाबतीत तिनं त्याचंच ऐकलं, हा तिचा मूर्खपणा. ज्वारी खुजी राहायची, कोवळ्या पानांवर पांढरट पट्टे उठायचे. किशनराव बांधावरूनच निदान करायचा, "रान उपाशी हाय. डीएपी वाढव." ती वाढवायची. पट्टेही वाढायचे. दोन हंगाम हेच चाललं. मग गावासमोर त्यानं सांगून टाकलं, "यंदा पीक गेलं तर रान माझ्याकडं."

नेत्रावतीनं माती तपासून आणली. कृषी केंद्रातल्या सुधारानीनं कन्नडमधून समजावलं. वर्षानुवर्षं घातलेल्या डीएपीतलं स्फुरद जमिनीत साचलंय, त्या गर्दीत पिकाला जस्त घेता येत नाही. यंदा डीएपी बंद, साचलेलंच पिकाला पुरेल, नुसतं जस्त द्या, आणि दोन्ही एकत्र तर कालवूच नका. ऐकून नेत्रावतीचं डोकं फिरलं. उपाशी म्हणे! पोट फुगेस्तोवर चारलं होतं त्या रानाला.

पेरणीच्या दिवशी शेजारच्या वीरेशनं आपले बैल तिफणीला जुंपले. बियाची पहिली मूठ घरातल्या थोरल्या पुरुषानं धरायची, ही रीत. विधवेनं तर तिफणीवरच्या, बी सोडायच्या चाड्याला हातच लावायचा नाही. म्हणून तिनं किशनरावाला बोलावलं. तिथंच चुकलं. खताच्या चाड्यात तिनं जस्त भरून ठेवलं होतं. किशनरावानं पिशवीतून डीएपी काढलं आणि त्याच्यावरच ओतलं.

"हे काय करायलात भावजी?"

"दोन्ही बी जाऊ दे पोटात. आमच्या बापानं पोसलेलं रान हाय हे. तुला काय कळतंय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं चाडं उचललं, सगळं गाडीवाटेवर पालथं केलं, नवं जस्त भरलं आणि बियाची मूठ स्वतः धरली. बैल जागचे हलेनात, म्हणजे वीरेश हलवेना.

"अक्का, तुमच्या हातानं?"

"कामून? खुरपायला, काढायला ह्योच हात चालतोय की! हाण बैल."

वीरेशनं बैल हाणले. "रान कोपंल," म्हणत किशनराव तरातरा निघून गेला. चार घरं त्याच्या बाजूनं बोलली, बायकासुद्धा. बायकांचा तिला जास्त राग आला.

रान काही कोपलं नाही. ज्वारी डोक्यावर गेली, पानं हिरवीगार. हुरड्याच्या दिवसांत किशनराव चार माणसं घेऊन आला, एक कणीस मोडून हातात धरलं आणि म्हणाला, "बघा! डीएपी न घालता आलं म्हणती. माझंच डीएपी मुरलंय हितं, त्याच्यावर आलंय हे."

आणि ते खरं होतं. साचलेलं स्फुरदच पिकानं खाल्लं होतं, सुधारानीही तसंच म्हणाली होती. तो खोटं बोलला असता तर नेत्रावती हसली असती. खरं बोलून वर तोरा मिरवतोय, म्हणून तिच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं.

"व्हय भावजी, तुमचंच," ती म्हणाली. "लई झालंय तुमचं ह्या रानात. आता डीएपी बी नगं अन् तुमी बी नगं. ठेवा ते कणीस खाली."

चार माणसांसमोर किशनरावानं कणीस खाली ठेवलं.