शिक्षेच्या बाकाचं दार

माझं काम एका दारापुरतं आहे. जर्मनीतल्या गार्चिंगहून आधी ऊ-बान, म्हणजे मेट्रो, आणि मग बस, असं पाऊण तासावर बर्फाचं एक बंदिस्त मैदान आहे. तिथे दर रविवारी दुपारी हौशी संघांचे आइस हॉकीचे सामने होतात. खेळाडूनं नियम मोडला की पंच त्याला दोन मिनिटं बाहेर काढतो आणि तो काचेमागच्या बाकावर येऊन बसतो. त्याच्यासाठी दार उघडायचं, लावायचं, आणि घड्याळावर शून्य दिसलं की पुन्हा उघडायचं. त्या दोन मिनिटांत त्याचा संघ एका माणसानं कमी खेळत असतो. त्यामुळे दार क्षणभर आधी उघडलं तर पंच ओरडतो, आणि क्षणभर उशीर झाला तर सगळा संघ ओरडतो.

हे काम मला माइस्टरांमुळे मिळालं. माइस्टर म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या वर्कशॉपचे प्रमुख. मी शिकता शिकता आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या हाताखाली लेथवर काम करते. ते सेहेचाळीस वर्षांचे, दाढी अर्धी पिकलेली, बोलणं कमी. इथे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, आणि जर्मनमध्ये मीही त्यांना तसंच बोलते. पण मनात ते मला कायम ‘तुम्ही’च राहिले. मी मशीनजवळ गेले की ते न बघताच म्हणतात, “चष्मा. केस.” संरक्षक चष्मा डोळ्यांवर आणि केस टोपीत गेल्याशिवाय ते मशीनचं बटण दाबू देत नाहीत. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, यांचा माझ्यावर विश्वास नाही. नंतर कळलं, ते प्रोफेसरांनाही तसंच सांगतात.

एकदा ते म्हणाले, “तू वेळेवर येतेस. मी खेळतो त्या हॉकी संघाला दारावर असं माणूस हवंय.”

“मला खेळातलं काहीच कळत नाही,” मी म्हणाले.

“उत्तम. ज्यांना कळतं ते खेळ बघत बसतात.”

मला खरंच काही कळत नव्हतं. हॉकी म्हणजे आमच्या इचलकरंजीच्या शाळेत पी.टी.च्या सरांच्या कपाटात असलेल्या चार काठ्या. इथे माणसं रेल्वेसारखी एकमेकांवर येऊन आदळतात आणि काच थरथरते. पहिल्या दोन रविवारी मी डोळेच मिटून घेत होते.

मारामाऱ्यांचं मात्र मला लवकर कळलं. नियमात मारामारीला सक्त मनाई आहे. दोघांनाही बाहेर काढतात आणि पुढचे काही सामने खेळू देत नाहीत. तरी ती होते. दोघं जण हातातले जाडजूड मोजे बर्फावर टाकतात, तीच खूण. मग दोन्ही संघांचे बसलेले खेळाडू आपापल्या काठ्या फळीवर ठोकू लागतात, ठक ठक ठक ठक, आणि प्रेक्षक उभे राहतात. एरवी बसमध्ये शेजारच्याला कोपर लागलं तरी माफी मागणारी ही माणसं. मला हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहायला हवं: तिसऱ्या-चौथ्या सामन्यापासून मीही काच वाजवत होते. खूप बरं वाटायचं. त्या क्षणी मी परकी नसायचे.

तो रविवार फेब्रुवारीतला. माइस्टरांनी एकाला पायात काठी घालून पाडलं आणि दोन मिनिटांसाठी माझ्याकडे आले. आल्या आल्या त्यांनी हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडला, पाणी प्यायले, दाढी पुसली. आमचा कॅप्टन, जो एरवी एका शाळेत गणित शिकवतो, समोरच्या बाजूनं ओरडला, “त्या सतरा नंबरला जरा दाखव आता!” सतरा नंबर म्हणजे पाहुण्या संघातला एक उंच, तिशीतला माणूस. तो सामना सुरू झाल्यापासून आमच्या लोकांना धक्के देत होता.

घड्याळावर दहा सेकंद उरले तेव्हा माइस्टर उठून दाराशी उभे राहिले. पट्टा तसाच लोंबत होता. मी तो बघितला. अगदी स्पष्ट बघितला, बकल हलत होतं. तोंडापर्यंत शब्द आले. आणि मग मनात आलं, या माणसाला मी सांगायचं? जो मला रोज चष्मा आणि केस सांगतो, त्याला? त्यांना माहीतच असेल. जाता जाता लावतील. चार, तीन, दोन. मी दार उघडलं.

ते सरळ सतरा नंबरकडे गेले. काहीतरी बोलणं झालं, मोजे खाली पडले, फळीवर ठक ठक सुरू झालं. माझाही हात काचेवर गेला होता. दोघांनी एकमेकांचे शर्ट धरले. पहिल्याच हिसक्याला माइस्टरांचं हेल्मेट निघून घरंगळत गेलं, आणि पुढच्या हिसक्याला दोघंही पडले. माइस्टर खाली, पाठीवर. डोकं बर्फावर आपटल्याचा आवाज मला काचेतून ऐकू आला. काठ्या एकदम थांबल्या.

सतरा नंबर लगेच बाजूला झाला आणि हात हलवून डॉक्टरला बोलावू लागला. माइस्टर मिनिटभरानं उठून बसले. त्यांना धरून माझ्या दारातून बाहेर आणलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “स्कोअर काय?” मी सांगितला. बाकावर टेकल्यावर पुन्हा विचारलं, “स्कोअर काय?” मग त्यांना ॲम्ब्युलन्सनं नेलं. मेंदूला हादरा बसला होता. कवटी शाबूत होती. किमान महिनाभर काम बंद, स्क्रीन बंद, वाचन बंद.

बुधवारी कॅप्टन आम्हा विद्यार्थ्यांच्या कँटीनमध्ये मला भेटायला आला. पंचानं अहवालात लिहिलं होतं की सतरा नंबरनं हेल्मेट ओढून काढलं. आता लीगच्या समितीला दारावरच्या माणसाचंही लेखी म्हणणं हवं होतं.

“काही अवघड नाही,” तो म्हणाला. “लिही की तू घड्याळाकडे बघत होतीस. ते तर तुझं कामच आहे, बरोबर?”

“पण पट्टा उघडा होता,” मी म्हणाले.

तो चमच्यानं कॉफी ढवळत राहिला. “बरं. तुला असं वाटतं.”

“वाटत नाही. मी बघितला.”

“मग त्याला का नाही सांगितलंस?”

कॅप्टन वाईट माणूस नाही. आवाज खाली आणून त्यानं समजावलं, “हे बघ, पट्टा उघडा होता असं लिहिलंस, तर चूक आमच्या माणसाची आणि तुझी होते. आत्ता ती त्या सतरा नंबरची आहे. आणि तो काही संत नाही.”

“त्याचं काय होईल?”

“नुसती मारामारी असेल तर काही सामने बंद. मुद्दाम हेल्मेट काढून डोकं आपटलं असं ठरलं, तर पूर्ण बाहेर. तो त्यांच्याकडच्या लहान मुलांना शिकवतो म्हणे. तेही जाईल.” खांदे उडवून तो म्हणाला, “शुक्रवारपर्यंत पाठव. जमल्यास दोन ओळींत.”

दोन ओळी मी त्या दिवशी चार वेळा लिहिल्या. ‘मी घड्याळाकडे बघत होते.’ हे खोटं नव्हतंच. फक्त त्यात मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांना फोन लावला. तिकडे दुपार होती, आई डबा घेऊन कारखान्यात आली होती. पप्पा यंत्रमागावर जॉबर आहेत. बिघडलेला माग दुरुस्त करायचं काम. ते सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. मी इथे नक्की काय शिकते ते त्यांना सांगता येत नाही, पण मशीन म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. मी सगळं सांगितलं. बर्फावर माणसं मारामारी करतात आणि बाकीचे काठ्या वाजवतात, यावर आई मागून म्हणाली, “अहो, तिला म्हणावं असल्या ठिकाणी जाऊच नगंस.”

“थांब की जरा,” पप्पा तिला म्हणाले. मग मला, “पट्टा लावायचं काम कुणाचं असतंय?”

“ज्याचं डोकं त्याचं. नियम तसाच आहे.”

“आणि तुला दिसला हुता न्हवं?”

“हो.”

मागांचा खडखडाट हळूहळू मागे पडला. मग बाहेर आल्यासारखा त्यांचा आवाज मोकळा झाला. “आमच्या खात्यात एकदा मागातनं धोटा उडला हुता, सूत घेऊन पळणारा त्यो लाकडी तुकडा. एका कामगाराच्या गालाला लागला, डोळ्याच्या खाली. तू लहान हुतीस. धोटा अडवायची पट्टी ढिली झालीया, हे मला सकाळीच दिसलं हुतं. म्हटलं, च्या पिऊन आलो की आवळतो. मालक त्यालाच बोलला, तू वाकून कशाला हुबा हुतास म्हणून. मी गप बसलो.”

“कुणाला सांगितलं नाही?”

“आत्ता तुला सांगतोय. तो माणूस अजून बाजारात भेटतोय. गालावर वण हाय. लई चांगला बोलतोय माझ्याशी, पोरगी जर्मनीत हाय म्हणून कौतुक करतोय. तेवढं सोसत न्हाई बघ.” मग घाईनं, “ठेवतो. माग थांबलाय.”

त्यांनी मला काय करायचं ते सांगितलं नाही. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी विचारलंही नव्हतं की कामावर काय झालं.

त्याच दिवशी दुपारी मी माइस्टरांच्या घरी गेले. आधी कळवून गेले. इथे तसं जावं लागतं. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. खोलीत पडदे अर्धे ओढलेले होते, ते सोफ्यावर टोपी घालून बसले होते. मी रव्याचे लाडू नेले होते. त्यांनी एक हातात घेतला आणि मोजपट्टी लावावी तसा फिरवून बघितला.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पट्टा दिसला, बोलले नाही, दार उघडलं. नंतर काचही वाजवली.

त्यांनी लाडू बशीत ठेवला. मग जरा रागानंच म्हणाले, “तीस वर्षं मी तो पट्टा लावतोय. तुला वाटतं, मला तुझी गरज होती?”

“त्या दिवशी होती,” मी म्हणाले. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

त्यांची बायको खिडकीशी उभी होती. ती त्यांना म्हणाली, “डॉक्टरला तू सांगितलंस की त्यानं ओढून काढलं.”

“मला आठवत नाही. मला सगळ्यांनी सांगितलं, ते मी सांगितलं.” त्यांनी डोळे मिटले. “आणि मोजे? आधी कुणी टाकले?”

“तुम्ही,” मी म्हणाले.

“गेनाऊ. बरोबर. ते तू दार उघडलंस म्हणून नाही. कॅप्टन ओरडला म्हणूनही नाही. काठ्या वाजतात तेव्हा छान वाटतं, म्हणून.” मग त्यांनी विचारलं, “लिहिलं आहेस का?”

मी खिशातून कागद काढला. त्यांना वाचायला मनाई होती, म्हणून मीच मोठ्यानं वाचला. एका पानाचा झाला होता. ऐकून झाल्यावर त्यांनी सांगितलं, “मोजे मी आधी टाकले, तेही घाल. आणि तो पडल्या पडल्या बाजूला झाला आणि डॉक्टरला बोलावलं, तेही. मला ते माहीत नव्हतं.” मी तिथेच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, दोन्ही वाक्यं लिहिली. त्यांनी खाली सही केली, नेहमीपेक्षा वाकडी. लाडू त्यांनी खाल्ला की नाही, ते मी बघितलं नाही.

सतरा नंबरला आणि माइस्टरांना सारखीच शिक्षा झाली: मारामारीसाठी सहा-सहा सामने बंद. हेल्मेटचा ठपका वगळला गेला. तो मुलांना अजून शिकवतो, एवढं कळलं. मला समितीकडून एका ओळीची पोच आली, जबाबदार कोण याबद्दल त्यात काही नव्हतं. मला अजूनही ते पूर्ण ठरवता येत नाही. ज्यानं मोजे टाकले तो, ज्यानं ओढलं तो, जो ओरडला तो, आणि काच वाजवणारे आम्ही सगळे, असं म्हटलं की प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की कुणालाच काही बदलावं लागत नाही. म्हणून मी फक्त माझ्या दारापुरता विचार करते.

माइस्टर एप्रिलमध्ये कामावर आले. सकाळी मी लेथजवळ गेले तेव्हा म्हणाले, “चष्मा. केस.” दुसरं काही नाही. ते आता खेळत नाहीत.

मी दारावर जाते. कॅप्टननं मला काढलं नाही, कारण दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. या हंगामातल्या दुसऱ्याच सामन्यात एक खेळाडू माझ्याकडे आला, त्यानं पट्टा सोडला, पाणी प्यायला, उठला. शून्य झालं.

“पट्टा,” मी म्हणाले, आणि कडी धरून ठेवली.

“उघड!”

“आधी पट्टा.”

“अगं वेडी आहेस का? आमचा एक माणूस कमी आहे!” कॅप्टन समोरून ओरडत होता, प्रेक्षकही. मी दुसरा हातही कडीवर ठेवला. तो शिव्या देत मोजा काढून बकल चाचपू लागला. पाच सेकंद गेले असतील, कदाचित सहा. तेवढ्यात पाहुण्यांनी गोल केला.

मग बकल टक् करून बसलं. मी दार उघडलं.