सीटसाठी प्यायलेलं पाणी

फजिती सांगतो, पण आधी हातातला चहा संपवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

लागोपाठ दोन वर्षं कपाशीनं दगा दिला आणि माझी शाळा दहावीवरच सुटली. नंतर एकदा बाबा म्हणाले, "यंदा एखादा कोर्स करून पाय. नाई जमलं तं वावर हायेच." म्हणजे संधी एकदाच! मला सोनोग्राफीच्या खोलीतलं काम शिकायचं होतं. दहावीवर घेणारी दोन कॉलेजं सापडली, एक अकोल्यात, एक अमरावतीत. निवडायचं कसं?

माझा दोस्त सलीम भातकुलीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. तो म्हणाला, "अबे, मोटार घेताना आपन चालू करून पायतो का नाई? चालू मशीन दिसल्याबिगर ॲडमिशन घेऊ नको!"

अकोल्याचं कॉलेज जठारपेठेत, एका दुकानाच्या वर. कोपऱ्यात झाकलेलं मशीन. मी लाजत उभा, सलीमनं सरळ चादर उचलली. मशीनला वायरच नव्हती!

"प्रॅक्टिकलच्या वेळी आणतो," सर म्हणाले.

"चाल बे," सलीम मला म्हणाला.

उरलं अमरावती. तिथला कोर्स एका दवाखान्यातच चालायचा. फोनवर कळलं, सीट एकच शिल्लक आणि आजच शेवटचा दिवस. सलीमला काम होतं, मी एकटाच गेलो. अनोळखी माणसासमोर माझा आवाज किती निघतो, तुम्हाला ठाऊकच आहे. काउंटरवरच्या ताईंना कसंबसं म्हणालो, "सोनोग्राफी..."

त्यांनी नाव लिहून घेतलं. "पाणी पेले काय?"

"नाई."

"मंग प्या. पूर्ण बाटली. अन् बाथरूमले जाचं नाई, सांगून ठेवते!"

पाहतो तर बाकावर तिघं जण बाटल्या तोंडाला लावून बसलेले. सीट एक आणि आम्ही चौघं!

पण पाणी कशाला? विचार केला, या कामात तासन्‌तास जागेवरून हलता येत नसेल. सहनशक्ती तपासत असणार. बरोबरच आहे की!

मी बाटली संपवली. शेजारच्या मिशीवाल्या काकांनी दुसरी भरली, म्हणून मीही भरली.

"पयल्यांदाच आला काय?" काकांनी विचारलं.

"हो. तुमी?"

"तिसऱ्यांदा."

या वयात, तिसऱ्यांदा! शिक्षणाची काय ही ओढ! मला भरून आलं. तसं तेव्हा मला सगळीकडूनच भरून येत होतं.

तेवढ्यात बाकावरच्या बाई हळूच बाथरूमकडे सटकल्या. काउंटरवरून आवाज आला, "गेल्या ना शेवटी! आता पुन्हा पयल्यापासून प्या!"

एक बाद, मी मनात म्हणालो.

पण पुढचा वेळ विचारू नका! कोपऱ्यातला नळ थेंब थेंब गळत होता. मी त्याचं काय घोडं मारलं होतं? मी पायावर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला.

"घाम काहून फुटून राहिला बे तुले?" काका म्हणाले. तोंड उघडायचीही भीती वाटत होती.

शेवटी माझं नाव पुकारलं. आत डॉक्टर मॅडम, भोवती चार विद्यार्थी. झोपायला लावलं, पोटावर थंडगार जेली चोपडली आणि मशीनचा दांडा असा दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कुठे दुखतं?"

"कुठंच नाई, मॅडम."

"मग आलात कशाला?"

इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. बोलणं हो, बोलणं! "मॅडम, मले ॲडमिशन पायजे! मशीन चालू हाय का, ते पायाले आलो. अजून एक बाटली पेतो, पन सीट मलेच द्या!"

मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला.

"चालू आहे, पाहिलंस? आणि हे एवढं मोठं काळं दिसतंय ना, ती तुझी लघवीची पिशवी आहे. सीट तुझी. आता पळ!"

पळालो. सुटका झाल्यावर तिथूनच बाबांना फोन लावला, "बाबा, चौघांतून माझी निवड झाली!"

मग ऐटीत काउंटरवर ॲडमिशनचा फॉर्म भरायला आलो. काका अजून बाकावरच होते. माझा जीव कळवळला. ताईंना हळूच विचारलं, "काकांले आता पुढच्या वर्षी तरी सीट भेटन ना?"

"कोनती सीट? त्यायच्या पोटात खडा हाय, तपासाले आले ते! सीटसाठी सकाळपासून तुमी एकलेच आले, भाऊ."

मी बाबांना पुन्हा फोन लावला. आईनं उचलला. बाबा पेढे वाटायला निघून गेले होते.