लोकार्पणाची वाट बघणारा कमोड

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिकांसाठी एक सुसज्ज संडास बांधून तयार आहे. त्यास गुलाबी रंग देण्यात आला आहे. दारास फीत बांधण्यात आली आहे. फितीच्या वर कुलूप आहे. तरी ज्येष्ठांनी तूर्त धीर धरावा.

गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. मी तिथल्या शहरी आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. केंद्र वस्तीच्या तोंडाशी आहे. वस्ती म्हणजे पत्र्याची घरं, मधून उघडी गटार. कर्ती माणसं सकाळीच कामाला जातात आणि दिवसभर मागं उरतात ती म्हातारी.

त्यातल्याच हलीमाबीला एका दुपारी सुनेनं रिक्षातून आणलं. हलीमाबी त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूर गावाहून इकडं आलेली. त्या दुपारी तिला वाटत होतं ती सास्तूरलाच आहे. केंद्राच्या भिंतीला टेकून ती म्हैस सोडायला सांगत होती.

"सासूला याड लागलं, मॅडम," सून म्हणाली. "उतारा करून झाला. ताईत बी बांधला."

वेड नव्हतं. म्हातारपणी लघवीत जंतुसंसर्ग झाला, म्हणजे आमच्या भाषेत इन्फेक्शन, तर ताप येईलच असं नाही. माणूस एकदम बरळायला लागतो. घरच्यांना वाटतं डोक्यात बिघाड झाला. बिघाड असतो खाली. लघवी तपासली, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. हलीमाबी सास्तूरहून परत आली. पण त्या उन्हाळ्यात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. पुन्हा झालं तर मूत्रपिंडं हात टेकतील, हे मला दिसत होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यातून तिला आधी मिळालेल्या कागदावर सल्ला होता: भरपूर पाणी पिणे. अक्षरही सुंदर होतं.

"हलीमाबी, पाणी पिता ना?"

"पिते की."

"किती?"

"गोळी गिळण्यापुरतं."

"अहो, का?"

"पिलं की जावं लागतंय, बाई."

मग तिनं मला वस्तीची एक रीत सांगितली. सार्वजनिक संडासाला उंच पायऱ्या, आत खाली बसायचं भांडं, धरायला काही नाही. गुडघे गेलेली बाई बसते कशीबशी, उठणार कशी? म्हणून वस्तीतल्या प्रत्येक म्हातारीची एक जोडीदारीण ठरलेली. दोघींनी मिळून जायचं. एकीचं झालं की दुसरीनं दोन्ही हात धरून तिला ओढून उठवायचं. मग पाळी बदलायची. या जोड्या नवराबायकोपेक्षा पक्क्या. हलीमाबीची जोडीदारीण शांतव्वा, शेजारच्या घरातली. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी. दोघी एकमेकींना शिव्या देत जायच्या आणि शिव्या देतच यायच्या.

"मग आता शांतव्वा कुठं आहे?"

"त्याच पायऱ्यावर पडली. खुबा मोडला. लेकीनं मुरुमला, तिच्या गावी नेलं."

"सून नाही येणार बरोबर?"

"ती दिवस उगवायला कामाला जाते. अन् सुनंनं असं उठवायचं मला? लाज न्हाय का वाटत?"

म्हणजे जोडीदारीण गेली आणि हलीमाबीनं पाणी सोडलं. अंधार पडल्यावर सून घरी आली की मोरीत एकदा. बाकी दिवसभर तोंडाला कोरड. आणि आम्ही डॉक्टर लोक कागदावर लिहितोय, भरपूर पाणी पिणे.

आता यातला कळस ऐका. तो गुलाबी संडास हलीमाबीच्या दारातून समोर दिसतो. उतार केलेला रस्ता, आत खुर्चीसारखा बसायचा कमोड, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलच्या जाड दांड्या. ज्यानं तो बांधला त्याला खरोखर म्हातारी माणसं माहीत असावीत. आणि ज्यानं कुलूप लावलं त्याला फक्त फीत कापणारे माननीय माहीत होते.

मी तडक नगरपरिषदेत गेले. मुख्याधिकारी साहेब माझ्याच वयाचे, पन्नाशी ओलांडलेले. माणूस वाईट नाही. फक्त घाबरट.

"सर, तो संडास उघडा."

"लोकार्पण बाकी आहे, मॅडम."

"ते कधी?"

"माननीयांची वेळ मिळत नव्हती. मिळाली तोवर आचारसंहिता लागली. आता निवडणुकीनंतरच."

"आचारसंहितेत समारंभाला बंदी आहे. लघवीला नाही."

शिपाई हसला. साहेब हसले नाहीत.

"लोकांनी आधीच वापरलेल्या वास्तूची फीत माननीयांनी कापायची? मला कुठं फेकतील, कल्पना आहे?"

"तिकडं एका बाईची मूत्रपिंडं चाललीत."

"तुम्ही लेखी द्या. मी वर पाठवतो."

मी दिलं. ते वर गेलं आणि बहुतेक अजून चढतंच आहे. त्या दिवशी परत येताना माझं डोकं इतकं तापलं होतं की माझंच बीपी मोजावं लागलं असतं. एका माणसाच्या हातात कात्री येईपर्यंत एका बाईनं तहानलेलं राहायचं. संडास काय देवाची मूर्ती आहे, प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय दर्शन नाही?

तेवढ्यात साहेबांचंच वस्तीत यायचं ठरलं. ज्येष्ठ मतदारांची जनजागृती. गुलाबी संडासासमोरच्या मोकळ्या जागेत मंडप, म्हाताऱ्यांनी मतदानाची शपथ घ्यायची, त्याचं शूटिंग. मला निरोप आला, बीपीचं मशीन घेऊन हजर राहा. मी मशीन घेतलं आणि आदल्या संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना सहज म्हणाले, "साहेब उन्हातून येणार. साखरेचा चहा घेत नाहीत. ताक मात्र लई आवडतं त्यांना."

बास. मी एवढंच बोलले. बाकीचं मराठवाड्यानं केलं.

साहेब खुर्चीवर टेकतात तोच पहिला पेला आला. जिरं, कोथिंबीर, वर थंडगार. साहेब खूश. मग दुसऱ्या घरातून आला.

"त्यांचं घेतलं अन् आमचं न्हाय व्हय, साहेब?"

घ्यावंच लागलं. समोर ज्येष्ठ मतदार. तिसरीनं पेला तोंडाशी नेऊन धरला. हलीमाबीनं तर तांब्याच आणला आणि म्हणाली, "मी पाजते तेवढं प्या लेकरा, मला तर पिता येत न्हाय." साहेबांना त्याचा अर्थ कळला नाही. ते पीत राहिले. शूटिंगवाला अजून आला नव्हता, त्याला आणायला साहेबांचीच गाडी गेली होती. हे मात्र माझं काम नव्हतं, योगायोग झाला.

थोड्या वेळानं साहेबांनी पायावर पाय टाकला. मग पाय बदलला. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, इथं कुठं जायची सोय?"

"आहे ना, सर. चला, दाखवते."

जुन्या संडासाच्या पायऱ्या दाखवल्या. साहेब चढले. पुरुषांच्या बाजूचं दार कधीच चोरीला गेलेलं, आणि सगळी सभा तोंड तिकडंच करून बसलेली. उतरले. शेजारच्या भिंतीकडं नजर टाकली. भिंतीवर उघड्यावर लघवी करणाऱ्यास दंडाचा इशारा, खाली मुख्याधिकारी, म्हणजे ते स्वतः. मग त्यांची नजर गुलाबी दाराकडं गेली.

"किल्ली?"

"इंजिनिअर साहेबांकडं, सर. ते निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेलेत," शिपाई म्हणाला.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. हातात अजून एक पेला होता, तो कुणीतरी जाताजाता धरायला दिलेला. त्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं. ते ऐकताच हलीमाबीनं घरातून वरवंटा आणला. पहिला घाव तिचाच. कुलूप नगरपरिषदेचंच असल्यामुळं लगेच तुटलं. फीत साहेबांच्या छातीला अडकून आत गेली.

ते बाहेर आल्यावर चेहरा असा काही शांत होता की आता परत कुलूप लावा म्हणायची त्यांचीही हिंमत नव्हती. लगेच हलीमाबी आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली ती आपली आपण उठून.

"दांडी लई झ्याक हाय, बाई," ती म्हणाली. "शांतव्वावानी मधीच हात सोडत न्हाय."

पुन्हा कुलूप लागलं नाही. हलीमाबी आता माठ जवळ घेऊन बसते, आणि तेव्हापासून ती म्हैस सोडायला सास्तूरला गेलेली नाही. मुरुमला शांतव्वाकडं निरोपही गेला.

मी यातून शिकले ते इतकंच: म्हाताऱ्या बाईची अडचण वरपर्यंत पोचवायची असेल, तर ती साहेबांच्या पोटातून न्यावी लागते. याचा मला अजून राग येतो. ताक काय, दर वेळी पाजता येत नाही.

पुढं एका स्थानिक पेपरात बातमी आली, 'ज्येष्ठांची निकड ओळखून प्रशासनाने तातडीने सुविधा खुली केली.' निकड ओळखली, हे शंभर टक्के खरं. पण त्या दिवशी साहेब भर मंडपासमोर, ताकाचा पेला हातात धरून, प्रत्यक्षात म्हणाले होते ते असं:

"अहो, माननीय गेले खड्ड्यात, आधी कुलूप फोडा!"