लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही

आज पनवेलच्या बाजारात माझा गेमिंग लॅपटॉप घेऊन गेलो होतो. ग्राफिक्स कार्ड बदलून मिळेल का, एवढंच विचारायचं होतं.

दुकानदाराने मागचं झाकण उघडून दाखवलं. "कार्ड बोर्डालाच सोल्डर केलंय, काका. डेस्कटॉपसारखं काढता-घालता येत नाही. अख्खा बोर्ड बदलण्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या. मुलाला हवाय का?"

"हो," म्हणालो. मला मूल नाही.

खेळतो मीच. शाळेतला मित्र एलिजा इस्राएलला गेला, तेव्हापासून शनिवारी त्याचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा सुट्टीचा पवित्र दिवस, संपला की आम्ही हेडफोन लावून ऑनलाइन भेटतो. गोळ्या झाडता झाडता त्याच्या आईचं दुखणं, इथली मासळी, सगळं बोलून होतं. आता तो नव्या गेमवर गेलाय. माझ्या लॅपटॉपवर तो गेम उघडतच नाही, आणि नवा लॅपटॉप यंदा जमणार नाही.

दुकानाबाहेरूनच त्याला फोन केला.

"नाही होत रे बदलून."

"मग काय झालं? फोन आहे ना!"

"आहे."

"बाकी काय?"

"काही नाही. तुझं?"

"मजेत."

मग दोघेही गप्प. खेळताना गप्प झालो तर खटकत नाही, कुणीतरी गोळी झाडतच असतं.

तर, बहुतेक गेमिंग लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही. घेतानाच चांगलं बघून घ्या. आणि ज्यांचे मित्र लांब आहेत, त्यांनी मला एक सांगा. तुम्ही फोनवर काय बोलता?