आई बाकावरच बसते

हौगांगला राहायला आल्यापासून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सिंगापूर मीच दाखवलं आहे. प्राणिसंग्रहालय कुठल्या दिवशी, सेंटोसा कुठल्या दिवशी, ऊन उतरल्यावर कुठे जायचं, सगळं डोक्यात पक्कं असतं. नवरा मला टूर मॅनेजर म्हणतो. म्हणू दे. गेल्या वर्षी आई पुण्याहून पहिल्यांदाच दोन महिन्यांसाठी आली, तेव्हा तर मी चंगच बांधला की तिची एकही जागा बघायची राहू द्यायची नाही.

आणि आईनं काय केलं? प्राणिसंग्रहालयात दाराजवळच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथे." पुढच्या शनिवारी ऑर्किडच्या बागेतही तेच. सेंटोसाला समुद्र चार पावलांवर होता, तरी बाई जागची हलली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाय धड होते, घरात दिवसभर इकडून तिकडे चालू असायची. मग ही नाटकं कशाला? पुण्यातही दोन वर्षं हेच चाललं होतं. भिशी सोडली, लग्नकार्याला जाणं सोडलं. मी फोनवरून तिला घरकोंबडी म्हणायचे, रोज टेकडीवर जात जा म्हणून उपदेश करायचे. उंटावरून शेळ्या हाकायला आपलं काय जातं?

चौथ्या रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. नवरा आणि मुलगी सायकली घेऊन पुढे गेले, आई आणि मी चालत निघालो. अर्ध्या तासात आईला घेरी आली. मी तिला धरून झाडाखाली बसवलं, पाण्याची बाटली पुढे केली. तिनं ओठ ओले केले आणि परत दिली.

"अगं, पी की नीट. सकाळपासून काय प्यायलीस?"

"चहा. अर्धा कप."

एवढ्या उकाड्यात अर्धा कप चहा. मी भडकलेच. आजूबाजूची माणसं वळून बघतील इतक्या आवाजात बोलले. हट्टी आहेस, आम्हाला त्रास द्यायला आलीस का, असंही बोलून गेले. ते वाक्य मला अजून टोचतं.

आई खाली बघत अगदी हळू म्हणाली, "मला धरवत नाही गं आता. लागली की लागली. बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत..."

मग एकेक कळत गेलं. तिनं निवडलेला प्रत्येक बाक टॉयलेटच्या समोरचा होता. विमानातून ती थेंबभर पाणी न पिता आली होती. एकदा भिशीत साडी ओली झाली, तेव्हापासून तिनं चारचौघांत जाणंच बंद केलं होतं. बाहेर पडताना ती पिशवीत एक परकर घडी करून ठेवायची. ओझं कशाला, म्हणून तो मी दोनदा तिला घरी काढून ठेवायला लावला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"लेकीला सांगायची गोष्ट आहे का ही? तू इतक्या हौसेनं नेतेस."

मला रडूच आलं. आणि जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते तोंडातून निघून गेलं. बाळंतपणापासून माझंही तेच आहे. जोरात शिंकले, खळखळून हसले की संपलं. ऑफिसला मी काळी पँटच घालते. या किनाऱ्यावरची सगळी टॉयलेट्स मला पाठ आहेत, ती काही पाहुण्यांसाठी पाठ केलेली नाहीत.

आईनं झटकन मान वर केली. "किती वर्षं?"

"नऊ."

"नऊ वर्षं, आणि मला सांगितलं नाहीस?" ती खरंच चिडली होती. "मी काय मेले होते? आईला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं, कारटे?"

मग तिनं माझ्या हातातली बाटली ओढून घेतली आणि मान मागे टाकून घटाघटा अर्धी संपवली.

"तुला पाठ आहेत त्यातलं जवळचं कुठलं?" तोंड पुसत तिनं विचारलं.

मी हातानं दाखवलं.

"चल," ती म्हणाली, "दोघी जाऊ."