बोंबीलची पाळी

एअर हॉकीची चकती खट्टकन आपटली की मला राजोडीची ती संध्याकाळ आठवते. आम्ही भावंडं तिथल्या समुद्राकाठच्या रिसॉर्टवर एअर हॉकी खेळत होतो. गुण मोजायच्या ॲपमध्ये आपापली पाळी पुकारायला प्रत्येकाने स्वतःचाच आवाज भरला होता. धाकटा भाऊ, आमचा बोंबील, ‘पाय भिजवून येतो’ म्हणत किनाऱ्यावर गेला आणि भरती लागली. अंधारू लागलं तरी तो परतेना. आम्ही हाका मारत पाण्याच्या कडेने धावत होतो, तेवढ्यात माझ्या मुठीतला, ॲप चालूच राहिलेला फोन त्याच्याच आवाजात खिदळला, “ए बोंबील, तुझी पाळी, ये ना लवकर!” आई किंचाळली, “बंद कर ते मेलं!” शेवटी तो सुरूच्या बनातून आला; वाहून गेलेली चप्पल शोधत होता म्हणे. परवा तो समोर बसून जेवत होता, तरीही ॲपमधला त्याचा तो आवाज पुन्हा ऐकायला बोट ठेवायचा मला धीर झाला नाही.